हाक मारेपर्यंत

१

मिस्त्रींना वाकडं काही खपत नसे. पाहुण्यांच्या घरी गेले आणि भिंतीवरची तसबीर रेघभर कललेली दिसली, तर ते आधी उठून ती सरळ करत आणि मगच चहाला हात लावत. चाळीस वर्षं लोकांच्या भिंती ओळंब्यात उभ्या करून त्यांच्या नजरेतच ओळंबा बसला होता. हात थकले तसं काम सोडलं. थापी, गुनिया, सगळं पुतण्याला देऊन टाकलं, पण पाणसळ तेवढी दिली नाही. हातभर लांबीचा पिवळा लाकडी दांडा, त्याच्या पोटात काचेची नळी, नळीत हिरवट पाणी आणि पाण्यात एकच बुडबुडा. तो दोन रेघांच्या मधोमध थांबला की खालची जागा सपाट. एका बाजूला सरकला की ती बाजू वर उचललेली. मिस्त्री म्हणत, "माणूस खोटं बोलेल. बुडबुडा बोलायचा नाही."

काम सुटल्यावर त्यांनी एक जुनी मालवाहू गाडी घेतली आणि वर्षभर खपून तिच्या पोटात घर बांधलं. मागे झोपायला आडवा बाक, मध्ये छोटा ओटा, ओट्याखाली शेगडी, पुढे दोन खुर्च्या. बायकोने ते पाहून कपाळाला हात लावला. "आयुष्यभर म्हटलं, स्वतःचं घर बांधा हो, स्वतःचं घर बांधा. शेवटी बांधलंत, तेही पळून जाणारं!"

ती त्यांना मिस्त्रीच म्हणायची. लग्न झालं तेव्हा सगळे कामगार त्यांना मिस्त्री म्हणत, तिनेही तेच उचललं. लाडात मिस्त्री, रागात मिस्त्री. मिस्त्रींनी मात्र तिला कधी नावाने हाक मारली नाही. 'अगं', 'ऐकलंस का', फारच झालं तर 'कुठे गेलीस', एवढ्यावर चाळीस वर्षं निभावली. ती चिडवायची, "माझं नाव ठाऊक तरी आहे का तुम्हाला? मेले तर काय म्हणून रडाल? अगं, अगं?" मिस्त्री हसून विषय बदलत. लाज म्हणा, सवय म्हणा, जीभ वळायचीच नाही.

या खेपेला दोघांबरोबर नात होती. वय वर्षं सात, घरातलं नाव मुंगी. तिला सोबत आणण्यासाठी मिस्त्रींनी लेकीच्या नाकदुऱ्या काढल्या होत्या, कारण गेल्या वर्षी ते मुंगीला शाळेतून आणायला विसरले होते. एका ओळखीच्याच्या घराची नवी भिंत पाहत उभे राहिले, आणि पोरगी शाळेच्या फाटकाशी दीड तास ताटकळत बसली. जागची हलली नाही, कारण आबा येईपर्यंत हलायचं नाही असं तिला सांगितलेलं होतं. लेक त्या दिवशी ओरडली नाही, आणि तेच मिस्त्रींना जास्त लागलं. या वेळी निघताना ती एवढंच म्हणाली, "बाबा, तुमच्यावर सोडतेय. पुन्हा असं काही झालं तर मग मी कधीच सोडणार नाही."

मिस्त्रींनी मनाशी ठरवलं होतं, चार दिवस डोळ्यांत तेल घालून राहायचं.

२

डोंगरातल्या त्या राष्ट्रीय उद्यानाच्या फाटकावर वनरक्षकाने गाडीचा नंबर लिहून घेतला आणि मुक्कामाची जागा सांगितली. वरच्या पठारावर, बारा नंबर. सरपण तोडू नका, कचरा टाकू नका, प्राण्यांना खाऊ घालू नका, असं सगळं त्याने पाढे म्हटल्यासारखं म्हणून दाखवलं. मग जरा थांबून खिडकीशी वाकला.

"आणखी एक. वर धुकं उतरतं, एकदम उतरतं. उतरलं की जो जिथे असेल त्याने तिथेच उभं राहायचं. शोधायला जायचं नाही, फिरायचं नाही. गाडीपाशी असेल त्याने हाक मारायची आणि बाकीच्यांनी हाकेवर यायचं."

"आणि हाक आलीच नाही तर?" बायकोने विचारलं.

"येते की ताई. आपली माणसं कशी विसरतील?"

"यांना ओळखत नाही तुम्ही," ती म्हणाली आणि शाळेची गोष्ट सांगायला लागली. मिस्त्रींनी घाईने गाडी पुढे काढली.

बारा वाजून गेले होते. पठारावर दोन-तीन तंबू होते, तेही लांब. बारा नंबरची जागा म्हणजे खडी पसरलेला एक चौकोन, त्याच्या कडेला पिण्याच्या पाण्याच्या नळाकडे जाणारी पायवाट आणि दहा पावलांवर एक लोखंडी खांब. खांबावर पत्र्याची पाटी होती. जागा दिसायला सपाट होती, पण मिस्त्रींना ती उतरण्याआधीच कळली. मागचं डावं चाक खाली होतं.

गाडी समतल करायची त्यांची ठरलेली पद्धत होती. पाणसळ ओट्यावर लांबीच्या अंगाने ठेवायची, मग कोणतं चाक खाली ते पाहून त्याखाली लाकडी पाचरी सरकवायच्या, आणि बुडबुडा मधोमध आला की हात झाडायचे. त्यानंतर मुंगीचा खेळ. ती मागच्या बाकावर धपकन बसायची. तिच्या वजनाने गाडीचा मागचा भाग हलकासा दबायचा, पुढचा उचलला जायचा, आणि बुडबुडा एक रेघ पुढे पळायचा. मग मुंगी टाळ्या पिटायची.

"पळाला! आबा, मला घाबरून पळाला!"

"वजनाला घाबरतो तो," मिस्त्री सांगायचे. "जिथे वजन बसलं, तिथून तो उलटा पळणार. मुंगी बसली तरी पळणार."

पण काम चालू असताना आत कुणी असलं की माप चुकतं. म्हणून त्यांनी दोघींनाही खाली उतरवलं. बायकोला म्हणाले, "ऐकलंस का, तेवढ्यात पाणी घेऊन ये." ती पांढरा कॅन उचलून पायवाटेने नळाकडे गेली. मुंगीला त्यांनी खांबापाशी उभं केलं.

"या खांबाला हात लावून उभी राहा. मी हाक मारेपर्यंत हात सोडायचा नाही. कबूल?"

"कबूल. पण लवकर मारा हं."

मिस्त्री चटई टाकून गाडीखाली शिरले. खडीखाली माती भुसभुशीत होती, पाचर ठोकावी तशी रुतत होती. एक घातली, दोन घातल्या, तिसरी आडवी घातली. बाहेर मुंगी पाटीवर बोटाने वाजवत होती. टण. टण. त्या आवाजाने त्यांना बरं वाटत होतं. तो येतोय तोवर पोरगी जागेवर आहे. थोड्या वेळाने चाकांमधून दिसणारा उजेड राखाडी झाला आणि हाताला दमट गारवा लागला. धुकं उतरलं, त्यांनी मनात म्हटलं, आणि चौथी पाचर मागे सरकवली. एवढं झालं की हाक मारू.

३

ते कपडे झाडत उठले तेव्हा खांब दिसत नव्हता. पायवाट दिसत नव्हती. गाडीची स्वतःची पुढची काच कशीबशी दिसत होती. मिस्त्री आत चढले आणि सवयीने आधी ओट्याकडे पाहिलं. बुडबुडा मधोमध होता. दोन्ही रेघांपासून केसाइतकंही अंतर कमी-जास्त नाही. इतकं चोख काम हल्ली त्यांच्या हातून होत नसे, म्हणून ते स्वतःवरच खूश झाले आणि हाक मारायला दाराकडे वळले.

मुंगी मागच्या बाकावर बसलेली होती.

"अगं, तू कधी आलीस?"

"आत्ताच, आबा."

पाय जुळवून, हात मांडीवर ठेवून, शहाण्या मुलीसारखी बसली होती. धुक्यात घाबरून आली असेल, मिस्त्रींना वाटलं. त्यांना जरा अपराधीही वाटलं. त्यांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. केस कोरडे होते.

मागोमाग बायको आली. ती रिकाम्या हाताने आली होती.

"पाणी?"

"नळाला धार नाही. कॅन तिथेच ठेवलाय. नंतर आणू, अहो."

ती पुढच्या खुर्चीत जाऊन बसली आणि काचेबाहेर पाहत राहिली. तिचं 'अहो' मिस्त्रींच्या कानाला जरा खुपलं, पण त्यांनी तिला एवढ्या लांब पाण्याला पाठवलं होतं आणि वर धुकं. रागावली असेल. राग गेला की मिस्त्री म्हणेल.

त्यांनी शेगडी पेटवली, भांड्यात बाटलीतलं उरलेलं पाणी ओतलं आणि चहा टाकला. उकळी येईपर्यंत ते ओट्याशी टेकून उभे होते. तेवढ्यात बाहेरून आवाज आला.

टण.

बऱ्याच वेळाने पुन्हा, टण. वाऱ्याने पाटी हलत असेल. मग त्यांच्या लक्षात आलं, वारा असता तर धुकं एवढं टिकलंच नसतं. मग पाणी ठिबकत असेल. धुक्याचं पाणी होतं, झाडावरून ठिबकतं. हो, पण खांबावर झाड कुठे होतं?

चहा उतू गेला.

४

चहा पुसताना त्यांची नजर पुन्हा पाणसळीवर गेली, आणि या खेपेला ती तिथेच अडकली. बुडबुडा मधोमध होता. मुंगी बाकावर बसलेली होती, आणि बुडबुडा मधोमध होता.

आता हा काही भुताटकीचा विचार नव्हे, मिस्त्रींनी स्वतःला बजावलं. ती आधीच बसलेली असताना आपण पाचर सारली असणार, म्हणजे तिचं वजन धरूनच गाडी समतल झाली. साधी गोष्ट आहे.

"मुंगे, जरा खाली उतर बरं."

ती उतरली. बुडबुडा हलला नाही.

"बस पुन्हा."

ती बसली. बुडबुडा जागचा हलला नाही. मिस्त्रींनी नळीवर टिचकी मारली. नळीत काही अडकलं असेल. मग ते स्वतः मागे गेले आणि बाकाच्या कडेवर टेकले. बुडबुडा सुळ्ळकन पुढे पळाला. उठले, तर परत मध्ये आला. पाणसळ ठणठणीत होती.

गाडीचे टेकू खाली असले तर गाडी हलत नाही, हेही त्यांना आठवलं. ते खाली उतरून वाकून बघून आले. टेकू वरच होते, अजून लावलेलेच नव्हते. परत येताना त्यांनी बाकाकडे नीट पाहिलं. बाकावरची गादी नवी होती, फुगीर होती. त्यांनी आत्ता टेकलेल्या जागी वाटीएवढा खळगा पडला होता आणि हळूहळू भरून येत होता. मुंगीखाली खळगा नव्हता.

साठी बुद्धी नाठी, असं म्हणतात ते काय उगीच? मिस्त्रींनी डोळे चोळले. गेल्या साली मोतीबिंदू काढलेला, त्यात धुक्याचा उजेड. माणसाला काय, दोरीचाही साप दिसतो. पण मनात पाल चुकचुकली ती चुकचुकलीच. ते गाडीच्या पायरीवर आले आणि खांबाकडे तोंड करून चालायला लागले. दहा पावलं. त्यांनी स्वतः मोजलेली होती. दहा झाली, बारा झाली, पंधरा झाली. हाताला खांब लागेना. पुढे कुठेतरी, आहे त्याहून थोडं पुढे, टण वाजलं. ते थांबले. मागे वळले तर गाडीही दिसत नव्हती. फिरायचं नाही, शोधायचं नाही, वनरक्षक म्हणाला होता. ते उलट्या पावलांनी मागे आले, खडीत रुतलेले स्वतःच्याच पायांचे ठसे धरून. गाडीच्या पत्र्याला हात लागला तेव्हाच ते थांबले.

तेवढ्यात रस्त्याच्या अंगाने दिव्यांचे दोन पिवळे डाग आले आणि वनरक्षकाची जीप थांबली.

"काका, आज पठार रिकामं करतोय. धुकं उठायचं नाही. चारच्या आत सगळ्यांनी खाली, फाटक बंद होईल. मी परत आलो की माझ्या मागच्या दिव्यावर नजर ठेवून या. तंबूवाल्यांना घेऊन अर्ध्या तासात परत येतो." मग त्याने विचारलं, "सगळी माणसं गाडीत आली ना?"

"आली," मिस्त्री म्हणाले. दुसरं काय म्हणणार? खिडकीतून दोघी दिसतच होत्या.

५

सांगायचं तर बायकोलाच सांगायचं. आजवर त्यांनी दुसऱ्या कुणाला काही सांगितलं नव्हतं. त्यांनी तिला खूण करून बाहेर बोलावलं, सरकतं दार लावून घेतलं आणि गाडीच्या तोंडाशी नेऊन कुजबुजत सांगितलं.

"हसू नकोस. ती बाकावर बसते ना, तर बुडबुडा हलत नाही."

ती हसली नाही. नेहमीची असती तर पोट धरून हसली असती, आठवडाभर चिडवायला पुरलं असतं. ती लक्ष देऊन ऐकत होती.

"हलायला हवा का?"

"म्हणजे काय! रोज हलतो. एक रेघ हलतो. तू पाहिलं नाहीस का?"

"एक रेघ," ती म्हणाली. "बरं. निघू या आता, अहो. फाटक बंद होईल."

ती आत गेली. मिस्त्री पाचरी काढायला वाकले, पण पाचर धरून तसेच बसून राहिले. लेकीचा चेहरा डोळ्यांसमोर येत होता. काय सांगणार होते ते तिला? तुझी मुलगी धडधाकट परत आणली आहे, फक्त बुडबुड्याला पटत नाही? ती त्यांना दवाखान्यात नेईल, आणि बरोबरच करेल.

"आबा!" आतून मुंगीने हाक मारली. "आबा, या ना. बघा, हलला!"

मिस्त्री चढून आत आले. मुंगी बाकावर बसली होती आणि ओट्याकडे बोट दाखवत होती. खरंच. बुडबुडा मध्ये नव्हता, बरोबर एक रेघ सरकला होता. मिस्त्रींच्या तोंडून सुटकेचा नि:श्वास निघालाच होता, आणि तो अर्ध्यात अडकला.

बुडबुडा मागे सरकला होता. तिच्याकडे.

चाळीस वर्षांत त्यांनी बुडबुड्याला वजनाकडे जाताना पाहिलं नव्हतं. जाऊच शकत नाही. ज्याला पाणसळ कळत नाही त्याला वाटेल, वजन ठेवलं की बुडबुडा तिकडे येत असेल. अडाणी माणूस असाच अंदाज करेल. मुंगी करणार नाही. मुंगीला ठाऊक होतं की तो घाबरून पळतो. तिचाच तो शोध होता.

"हलला ना, आबा?" तिने विचारलं. ती त्यांच्या चेहऱ्याकडे फार बारकाईने पाहत होती.

"हो," मिस्त्री म्हणाले. "हलला."

"मग निघू या."

पुढच्या खुर्चीतून बायकोही त्याच सुरात म्हणाली, "निघू या."

६

मिस्त्री पायरीवर उतरले. पाचरी काढतो म्हणाले, पण काढल्या नाहीत. दार उघडं ठेवून ते तिथेच उभे राहिले आणि स्वतःला एकेक गोष्ट विचारत गेले, भिंत का खचली ते पायापासून तपासावं तशी. मी तिला खांबापाशी उभं केलं. मी हाक मारेपर्यंत हात सोडू नकोस म्हणालो. ती कबूल म्हणाली. मग मी गाडीखाली गेलो, पाचरी घातल्या, उठलो, आत आलो, आणि ती बसलेली होती.

हाक मी मारलीच नाही.

ती मारायच्या आतच कुणीतरी आलं होतं. आणि ज्या पोरीने शाळेच्या फाटकाशी दीड तास जागा सोडली नव्हती, ती आबांचा शब्द मोडून दहा पावलांवरून कशाला येईल? तिचा हात अजून खांबावर असणार. वेळ जावा म्हणून ती अजून बोटाने पाटी वाजवत असणार.

दुसऱ्यांदा. आपण तिला दुसऱ्यांदा विसरलो.

त्यांनी दोन्ही हातांचा कर्णा केला. "मुंगे! झालं गं! ये आता!"

धुक्यात हाक जिरून गेली. मागून, गाडीतून, अगदी जवळून आवाज आला.

"मी इथेच आहे, आबा. दार लावा ना. थंडी येते."

"मुंगे! हात सोड! ये!"

"दार लावा, आबा."

टणटण थांबली होती. मिस्त्री कान टवकारून उभे होते. मग खडीवर पावलं वाजली, पळत येणारी, लहान, एक बूट जरा फटफटणारा. मुंगीच्या डाव्या बुटाचा तळ सुटलेला होता. मिस्त्रींकडूनच तो चिकटवायचा राहिला होता. धुक्यातून आधी दोन हात आले, मग ओल्या केसांची, लालबुंद नाकाची, रडकुंडीला आलेली पोरगी, आणि ती येऊन त्यांच्या पोटावर अशी आदळली की ते पायरीला धडकले.

"किती वेळ लावलात, आबा! माझा हात दुखला!"

मिस्त्रींनी तिला उचललं. सात वर्षांची घोडी, उचलायचं वय कधीच गेलेलं. कंबरेत सणकन चमक भरली. ती जड होती. किती जड होती! मिस्त्रींच्या डोळ्यांतून घळघळा पाणी आलं आणि त्यांनी ते पुसलंही नाही. त्यांना फक्त बायकोला दाखवायचं होतं, बघ, मी विसरलो नाही, मी आणली.

त्यांनी तिला छातीशी धरूनच दाराकडे तोंड वळवलं, तेव्हा मुंगीने त्यांच्या कानाशी तोंड नेलं.

"आता आजीला हाक मारा ना."

"आजी आत आहे, बाळा."

"नाही हो. आजी तिकडे खांबापाशी उभी आहे, कधीची. कॅन पण खाली ठेवत नाही. मी म्हटलं चल, तर म्हणाली, तुझी हाक आली, तू पळ. माझी आली की मी येते."

७

सत्तर किलोची बाई पुढच्या खुर्चीत बसली होती, आणि बुडबुडा मधोमध होता. मिस्त्रींना हे दिसलं नव्हतं असं नाही. त्यांनी तिकडे पाहिलंच नव्हतं. तिने आल्यापासून एकदाही मिस्त्री म्हटलं नव्हतं. ती रिकाम्या हाताने परत आली होती, चाळीस वर्षांत पहिल्यांदा. बुडबुड्याचं गुपित त्यांनी फक्त तिच्याच कानात सांगितलं होतं, आणि दोन मिनिटांत मुंगीने बुडबुडा हलवून दाखवला होता. पोरीसाठी जीव टांगणीला लागला, आणि जिच्यावर सगळा संसार टेकलेला, ती शेजारी नाही हे त्यांना समजलंही नव्हतं.

खालच्या वळणावर जीपचा हॉर्न वाजला. वनरक्षक परत येत होता.

"अगं!" मिस्त्री धुक्याकडे ओरडले.

"काय हो?" गाडीतून उत्तर आलं.

"ऐकलंस का!"

"ऐकतेय की."

"कुठे गेलीस?"

"इथेच तर आहे. या ना आत."

त्यांच्याजवळच्या सगळ्या हाका संपल्या. तीनच होत्या, आणि तिन्हींना आतूनच ओ येत होती. बाहेर धुकं गप्प होतं. ती तिकडे उभी होती, कॅन हातात धरून, आणि प्रत्येक हाकेला आतून कुणीतरी ओ देताना ऐकत होती. तिला वाटत असेल, गाडीपाशी आपल्या जागी कुणी आहे. आपल्याला नाही मारली ही हाक.

मिस्त्रींनी मुंगीला दुसऱ्या कडेवर घेतलं. जीभ जड झाली होती. लग्नाच्या दिवशी सगळ्यांनी आग्रह केला तेव्हा एकदाच ते नाव त्यांच्या तोंडून निघालं होतं, तेही पुटपुटत. त्यांनी डोळे मिटले आणि छातीत होता तेवढा श्वास भरून बायकोला नावाने हाक मारली.

आतून ओ आली नाही.

गाडीच्या बाहेरच्या आरशात पुढची खुर्ची दिसत होती. ती रिकामी होती. मागच्या खिडकीचा एक तुकडाही दिसत होता, आणि त्यात दोघी, बाकावर शेजारी शेजारी, डोकी जवळ आणून बसलेल्या. त्यांची तोंडं हळूहळू हलत होती. एक म्हातारा आवाज आणि एक लहान आवाज ते नाव म्हणून पाहत होते. आधी चुकीचं. मग जरा बरं. तिसऱ्या खेपेला अगदी बरोबर, मिस्त्रींनी मारली होती तशीच हाक, थेट मिस्त्रींच्याच आवाजात.

मिस्त्रींनी आरशावरून नजर काढली. पाठ गाडीकडे केली, मुंगीचं डोकं खांद्यावर दाबलं आणि त्याच नावाने पुन्हा हाक मारली, पुन्हा पुन्हा मारली, चाळीस वर्षांची एकदम, घसा फाटेपर्यंत.

लांब कुठेतरी पाणी डुचमळलं. भरलेला कॅन मांडीवर आपटल्यासारखा आवाज, मग थांबणं, मग हात बदलणं.

"आले, आले! सगळा डोंगर गोळा कराल, मिस्त्री!"

मुंगी मान वर काढून हसली. मिस्त्री हसले नाहीत. मागे गाडीचं दार हळूहळू सरकत होतं. पुढे खडीवर पावलं वाजायला लागली होती, आणि एकेक पाऊल किती जड पडतंय, ते श्वास रोखून ऐकत राहिले.